चिठ्ठीत आलेलं नाव

“परत टाक चिठ्ठ्या,” हौसाक्का म्हणाल्या.

“परत टाकता येत नाहीत, आक्का. एकदा नाव आलं की आलं.”

“पण उचलली मीच न्हवं? माझा हात चुकला. दुसरी उचलते.”

“तसं चालत नाही.”

“ह्यो काय देवाचा कौल हाय व्हय, बदलायचा न्हाई म्हणायला?”

“त्याच्याहून कडक आहे,” मी म्हणाले. “देवाचा कौल मनासारखा आला नाही तर तुम्ही परत लावता. हा लावता येत नाही.”

शेजारी उभ्या असलेल्या मंगलताई मास्कच्या आत खुदकन हसल्या. त्या साळुंखे माळावरच्या आशा कार्यकर्त्या. माळावरच्या प्रत्येक घरात किती माणसं आणि कुणाला कसली गोळी चालू आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. आमच्या पुढ्यात स्टीलच्या डब्याचं झाकण होतं आणि त्यात दोन चिठ्ठ्या. घरात माणसं दोनच, म्हणून चिठ्ठ्या दोनच. उचललेल्या चिठ्ठीवर मंगलताईंच्या अक्षरात होतं, सुगंधा दत्तात्रय चौगुले, वय साठ.

जिचं नाव आलं होतं ती बाई आतल्या खोलीच्या दारात, आमच्याकडे पाठ करून, मेथी निवडत बसली होती. तिनं मान वळवली नाही. फक्त म्हणाली, “मला न्हाई द्यायचं रक्त.” आणि मेथीची जुडी घेऊन आत निघून गेली.

२०२० चा डिसेंबर होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, लॅब टेक्निशियन. आमच्या कॉलेजनं इचलकरंजीत सिरो सर्वेक्षण काढलं होतं. कोरोना शहरात किती जणांना होऊन गेला, हे दवाखान्यात आलेल्यांवरून कळत नाही. कितीतरी जणांना तो येऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. पण शरीर एकदा त्याच्याशी झुंजलं की रक्तात काही महिने खूण राहते, तिला अँटिबॉडी म्हणायचं. ती खूण आम्ही शोधत होतो. त्यासाठी दर चौदावं घर निवडायचं, घरातल्या मोठ्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव येईल त्याचंच रक्त घ्यायचं. बदली चालणार नाही, हे आमच्या जिरगे मॅडमनी इतक्या वेळा बजावलं होतं की ते शब्द आम्ही एकमेकींना चहा देतानाही म्हणत असू. त्यांचं खरंच होतं. बदली चालू दिली की प्रत्येक घरातून जो धडधाकट आणि हौशी तोच दंड पुढे करतो, आणि मग आलेला आकडा शहराचा राहत नाही, हौशी माणसांचा होतो.

हौसाक्का हौशी होत्या. नावातच होतं म्हणा. वय सहासष्ट, गुडघे गेलेले, पण तोंड एखाद्या मागासारखं दिवसभर खडखडत असायचं. त्या आम्हाला सोडायला बोळाच्या कोपऱ्यापर्यंत भिंत धरत धरत आल्या. तिथं थांबून त्यांनी मागं वळून घराकडे पाहिलं आणि पहिल्यांदा आवाज खाली आणला.

“पोरी, तुला एक सांगते. तिच्यावर रागवू नको.”

“रागवत नाही हो. नको म्हणायचा हक्क आहे त्यांचा.”

“हक्काचं न्हाई गं. ती भ्यालीया.” त्यांनी पदरानं मास्कवरूनच तोंड पुसलं. “राखी पुनवंच्या आदल्या दिवशी आमच्या दत्तूला ताप आला. माझा दीर, तिचा दाल्ला. सहाव्या दिवशी गेला. तोंड सुदिक दावलं न्हाई आमाला. तवापासनं ही अशी हाय. जेवायला बसती, दोन घास खाती, ताट सरकवती. ती सुताच्या कांड्या भरायला जात हुती शेडात, माग सुरू झाल्यावर. तितली एक बाई आजारी पडली. मग हिच्या डोस्क्यात बसलं, की म्याच आणलं घरात. म्याच मारलं.”

“त्या दोघींची तपासणी नाही झाली तेव्हा,” मंगलताईंनी मला सांगितलं. “ताप नव्हता, खोकला नव्हता. दाराला कागद चिकटवला आणि चौदा दिवस आत बसवलं, एवढंच.”

“मी सांगून दमले,” हौसाक्का म्हणाल्या. “अगं, तू मुद्दाम आणलंस व्हय? पण आयकत न्हाई. आता तू म्हणतीस रक्तात दिसतंय. तिच्यात न्हाई निघालं, तर तिच्या डोस्क्यातनं जाईल का न्हाई?”

मी जरा अडखळले. न निघणं म्हणजे झालाच नव्हता असंही नक्की नसतं, खूण पुसलीही जाते. आणि निघाला तरी कुणाकडून कुणाला गेला, ते कुठल्याच तपासणीत कळत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यातलं त्यांना हवं होतं तेवढंच ठेवलं.

“म्हंजे न्हाई निघालं तर बरं,” त्या म्हणाल्या. “मग माझं घे की. मी उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं न्हाई. माझं चोख निघणार. तिच्या नावावर लिव.”

“आक्का!”

“का? एकाच घरात चाळीस वर्षं राहतोय. एका तव्यावरची भाकरी खातोय. वेगळं रक्त कसलं?”

मी नाही म्हटलं. प्रेमानं, पण स्पष्ट. मंगलताई काही बोलल्या नाहीत, आणि तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

*

घरी न भेटलेल्यांसाठी आणि आधी नाही म्हणून मग मन बदललेल्यांसाठी गुरुवारी तालमीच्या हॉलमध्ये रक्त घ्यायचं ठरलं होतं. लाल मातीचा हौद एकीकडे झाकून ठेवलेला, भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो, आणि त्यांच्या नजरेखाली मी निळा अंगरखा, मास्क, चष्मा आणि वर ती पारदर्शक ढाल घालून बसलेली. श्वास सोडला की ढालीवर धुकं. समोर बसलेला माणूस मला निम्मा दिसायचा आणि त्याला मी अजिबात दिसायची नाही. त्या वर्षात मी माणसं चेहऱ्यानं ओळखायचं सोडूनच दिलं होतं. माझ्यापुरती माणसं म्हणजे हात होते. विणकरांचे, धुण्याभांड्याचे, दुकानात गल्ल्यावर बसून मऊ झालेले. शीर कुठं लपलीय एवढंच मी बघायची.

साडेअकराच्या सुमाराला मंगलताईंनी एका बाईला हाताला धरून आणलं. डोक्यावरून पदर भुवयांपर्यंत ओढलेला, मास्क डोळ्यांखालपर्यंत, मान खाली.

“सुगंधाबाई चौगुले,” मंगलताई म्हणाल्या आणि आधार कार्ड पुढे ठेवलं. “तयार झाल्या बघा शेवटी.”

मला इतका आनंद झाला की विचारू नका. कार्डावरचा फोटो पाहिला. तो कोणत्याही बाईचा असू शकत होता, बहुतेक आधार कार्डांवर असतो तसा.

“घाबरू नका हं,” मी म्हणाले. “मुंगी चावल्याएवढंच होतं.”

बाईनं मान हलवली. बोलल्या नाहीत. मी फॉर्ममधले प्रश्न विचारले, ताप, खोकला, प्रवास, घरात कुणाला झाला होता का. प्रत्येक वेळी मंगलताईच उत्तर देत होत्या आणि बाई मान डोलावत होत्या. सुगंधाबाई घरीही एकच वाक्य बोलल्या होत्या, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. उलट मनात आलं, बिचारीला केवढं धाडस करावं लागलं असेल.

मी रबरी पट्टा बांधला. आतल्या बाजूला, कोपराच्या वळणावर, हिरवं पडलेलं जुनं गोंदण होतं. विंचू. त्याची नांगी बरोबर शिरेवर आलेली. “वा, तुम्ही तर जागा दाखवूनच ठेवलीय,” मी म्हणाले, आणि नांगीच्या टोकाशी सुई घातली. नळी भरली. बाईंचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. नंतर कळलं, त्या हसू दाबत होत्या. उभ्या आयुष्यात त्या माउलीनं सलग दहा मिनिटं तोंड मिटलं असेल तर ती हीच.

*

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. मॅडमचा नियम असा की रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा आणि समजावून सांगायचा, दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा नाही. माळावरची एकवीस पाकिटं माझ्या पिशवीत होती. चौगुल्यांचं पाकीट मी सगळ्यांत खाली घातलं होतं. त्यात लिहिलं होतं, अँटिबॉडी आढळल्या.

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. निघाला म्हणजे तुम्ही आणला असं नाही, सुगंधाबाई. तुम्हाला त्यांच्याकडूनही आला असेल. वाक्य बरोबर होतं, पण जी बाई पाच महिने दोन घासांवर उठते तिच्यापुढं असल्या बरोबर वाक्याचं काय चालणार?

बोळाच्या कोपऱ्यावर हौसाक्का उभ्याच होत्या. गुडघे दुखत असताना किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

“आण हिकडं,” त्यांनी हात पुढे केला.

“सुगंधाबाईंच्याच हातात द्यायचंय, आक्का.”

“बरं तर बरं. तिच्याच हातात दे. चल.” त्या माझ्यापुढं भिंत धरून निघाल्या, जवळजवळ पळतच. “शिरा केलाय. साजूक तुपातला. आज खाईल ती. तू पण खायाचा.”

मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या थांबेनात.

घरात सुगंधाबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. पहिल्यांदाच मी त्यांना नीट पाहिलं. उंच बाई, एके काळी भरलेल्या अंगाची असावी, आता पोलकं खांद्यावरून घसरत होतं. मास्क हातात होता, तो त्यांनी घाईनं लावला. हौसाक्का स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. तोंडावर मास्क असूनही त्या हसताहेत हे दिसत होतं.

“आक्का सांगत हुत्या तू येणार म्हणून,” सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज असा की कानांना शोधावा लागावा. “मंगलनं त्या दिवशी साखर बघायला बोटाला टोचलं, त्येच रक्त तुमी तपासलं म्हणं. मी नगो म्हणलं हुतं तरी.”

बोटाला? बोटातून आम्ही घेतच नव्हतो. माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं, पण पाकीट तोवर मी काढलं होतं आणि त्यांचा हात पुढे आला होता. त्या कागद उघडून बघत राहिल्या. सगळा इंग्रजीत.

“काय लिवलंय?”

आता सांगणं भाग होतं. मी त्यांच्याशेजारी, अंतर ठेवायचं असतं हे विसरून, खाटेवर बसले.

“अँटिबॉडी आढळल्या असं लिहिलंय. म्हणजे कधीतरी होऊन गेलाय. पण सुगंधाबाई, त्याचा अर्थ...”

“म्हंजे मीच,” त्या म्हणाल्या.

“नाही, ऐका माझं...”

“मीच.” त्यांनी कागदाची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, अगदी नीट. रडल्या नाहीत, आणि तेच मला सहन होईना. “मला ठाव हुतं. आता कागदच आला.”

“न्हाई!”

हौसाक्का दारातून पुढे आल्या होत्या. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. “काय म्हणलीस पोरी? निघालं? त्यात निघालं?”

“हो.”

“नीट बघ की. दुसऱ्याचं आसंल.”

“नाव, नंबर सगळं बघितलंय, आक्का.”

त्या जमिनीवर बसल्या. बसल्या म्हणजे गुडघ्यांचा विचार न करता धप्पदिशी बसल्या. मग म्हणाल्या, “सुगंधा, ते तुझं रक्त न्हाई. माझं हाय.”

सुगंधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मायेनं मान हलवली. “आक्का, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नगासा.”

“खोटं न्हाई गं! तालमीत जाऊन मी दिलंय. तुझं कार्ड घिऊन. मंगल हुती संगं. मला वाटलं माझं चोख निघंल, मग तुला सांगावं बघ तुझं काय न्हाई...” त्यांनी बाही वर सारली आणि हात माझ्या तोंडापुढं धरला. “सांग तिला. ह्याच हातातनं काढलंस का न्हाई?”

विंचू होता. नांगीच्या टोकाशी मी टोचलेल्याचा बारीक ठिपकासुद्धा अजून होता, का मला तसं वाटलं, देव जाणे.

माझी चूक तिथं माझ्यापुढं हात पसरून बसली होती. चिठ्ठीतल्या नावाऐवजी दुसऱ्याच बाईचं रक्त घेऊन मी ते शहराच्या आकड्यात घातलं होतं. हे कबूल केलं की मॅडम काय म्हणतील ते मला स्पष्ट दिसत होतं. पण सुगंधाबाई माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले. “याच हातातून. तुमचं रक्त मी घेतलेलंच नाही.”

मागच्या शेडातून मागांचा आवाज येत होता.

मग हौसाक्काच बोलल्या. पण आमच्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारख्या. “तरी मला मिशरीचा वास येईना झाला हुता.”

“काय?” मी विचारलं.

“मिशरी गं, दातवणाची. तुमी दोघं भाईर गेलासा की मी हळूच कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन आणायची. दत्तू वरडायचा, दात गेलं तरी मिशरी सुटत न्हाई म्हणायचा, म्हणून गुपचूप. नागपंचमीला पुडी आणली आणि भाजली, तर वासच न्हाई. मी त्या टपरीवाल्याला शिव्या घातल्या जाऊन. म्हणलं, माती इकतोस का रं मुडद्या? त्येच्या तोंडासमोर तोंड घालून भांडले. पुरणाची दिंडं केल्ती सुगंधानं, त्येचा बी वास येईना. म्हणलं, म्हातारपण. चार दिसानं आला परत.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरी, त्येचं असंच असतंय न्हवं? वास जातोय ना?”

मी नाही म्हणू शकत होते. थोडी सारवासारव करता आली असती. पण त्या दोन्ही बायकांना खोट्याचा वीट आलेला होता, आणि मलाही.

“हो, जातो.”

“आणि दत्तूला राखी पुनवंच्या आदल्या दिवशी ताप आला. म्हंजे नागपंचमीनंतर. आठ-नऊ दिसानं.” त्या बोटांवर मोजत होत्या. मोजून झाल्यावर बोटं तशीच राहिली. “म्हंजे म्या. मिशरीपायी. ती बिचारी पाच म्हैने झुरतीया, आणि म्या...”

“त्यावरून नक्की काहीच सांगता येत नाही,” मी म्हणाले. खरं तेच होतं. पण ते कुणीही ऐकलं नाही, आणि बरंच झालं. त्या घरात त्या वेळी माझं काही कामच नव्हतं.

हौसाक्का रडायला लागल्या. लहान मुलासारखं, तोंड उघडं टाकून. मास्क हनुवटीवर गेला. “पाठच्या भावासारखं सांभाळलं मला त्येनं,” त्या म्हणत होत्या. “माझा दाल्ला गेला तवा माझ्या म्हायेरची न्यायला आली, तर ह्यो म्हणाला, वैनी हितंच ऱ्हाईल. आणि मी त्येला...”

आणि मग सुगंधाबाई उठल्या. ज्या बाईचा आवाज शोधावा लागत होता, त्या बाईचा आवाज असा चढला की मी दचकले.

“गप! गप बसा आक्का! काय बोलताय? मिशरी आणली म्हणून मानूस मरतंय व्हय? तुमाला काय ठाव हुतं? कुणालाच ठाव न्हवतं! सगळ्या जगात झालंय, घरोघरी झालंय, तुमी काय मुद्दाम आणलंसा? लेकरावानी जीव हुता तुमचा त्यांच्यावर. ताप आला तवा रात दिस कुणी पट्ट्या ठेवल्या? तुमी का मी? त्यास्नी कुणी भरवलं? आणि आता म्हणं, म्या मारलं! तोंडाला येतं तरी कसं असलं? त्यांनी आयकलं असतं तर काय वाटलं असतं त्यास्नी? ह्यात कुणाचा दोष न्हाई. कुणाचा म्हंजे कुणाचा न्हाई. आणि परत असलं मनात आणलंसा तर बघा!”

बोलता बोलता त्या खाली बसल्या होत्या, त्यांनी आक्कांचं डोकं स्वतःच्या खांद्याशी ओढून घेतलं होतं, पदरानं त्यांचं तोंड पुसत होत्या. मीही डोळे पुसत होते, ढालीच्या आत हात जात नव्हता म्हणून ती काढूनच टाकली होती.

हौसाक्कांनी हळूच डोकं वर केलं. नाक ओढलं. सुगंधाबाईंच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून.

“मग हेच सोताला का सांगत न्हाईस गं,” त्या म्हणाल्या, “पाच म्हैने?”

सुगंधाबाईंचा पदर धरलेला हात हवेतच थांबला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि पाच महिन्यांत न रडलेली ती बाई रडायला लागली. आता हौसाक्कांची पाळी होती. त्यांनी तिला धरून ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गप्प बसल्या, आणि या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

*

जिरगे मॅडम फोनवर जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मला ते मान्य होतं. आधीचा नमुना आकड्यातून काढून टाकायचा, चूक लेखी द्यायची, मंगलताईंनाही समज द्यायची. मंगलताई मला पुढे म्हणाल्या, “मला वाटलं, घर तर तेच आहे ना. आत कोण आहे त्यानं काय एवढं?” त्यांच्या बाजूनं तेही प्रामाणिकच होतं.

पण त्या दुपारी मॅडमना मी एकच विचारलं. “चिठ्ठीत नाव आलेली बाई समोर आहे, मॅडम. तयार असली तर आता तिचं घेऊ?”

“तिची खरी संमती असेल तर घे,” मॅडम म्हणाल्या. “आणि कार्डाकडे नको, बाईकडे बघ.”

मी सुगंधाबाईंना विचारलं. सक्ती नाही, नको असेल तर नको, आणि यात काय निघेल ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. त्या तोंड धुऊन आल्या होत्या. हौसाक्कांनी त्यांच्यापुढं शिऱ्याची ताटली ठेवली होती आणि त्यांनी ती निम्मी संपवली होती. निम्मी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या दृष्टीनं खूपच.

“घे,” त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. गोंदण नसलेला, कांड्या भरून बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेला हात. सुई-नळ्यांचा डबा माझ्या पिशवीत असायचाच. पट्टा बांधल्यावर शीर सापडेना. शरीर आटलं की शिराही लपतात. मी दोन-तीनदा बोटानं चाचपलं.

“दुखतंय का गं?” हौसाक्का पलीकडून डोकावत होत्या. “हळू घाल तिला. माझं कसं एका झटक्यात काढलंस!”

“आक्का, तुम्ही जरा तिकडं बसा.”

“बसते की. कापूस मी धरते, बसून.”

सुई गेली. सुगंधाबाईंनी तोंड फिरवलं नाही. नळीत चढत जाणारं स्वतःचं रक्त त्या बघत राहिल्या, काळपट लाल, कुणाच्याही रक्तासारखं. मी सुई काढली, हौसाक्कांनी कापूस दाबला, गरजेपेक्षा जास्तच जोरात.

“माझ्यात बी आसंल,” सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज बारीकच होता, पण आता शोधावा लागत नव्हता. मग त्यांनी कापूस दाबणाऱ्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

“आसलं तर आसू दे.”